आर्माची ब्रॅमली चटणी: ऑक्टोबरमध्ये घाला, नाताळात उघडा

नावात चटणी असली तरी ही आपल्या पाट्यावरच्या चटणीपेक्षा मेथांब्याच्या जवळची. शिजवायची, बरणीत भरायची आणि मुरू द्यायची. आयर्लंडच्या उत्तरेकडचा आर्मा परगणा ब्रॅमली सफरचंदांसाठी प्रसिद्ध आहे. 2012 मध्ये या फळाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. ब्रॅमली इतकं आंबट की सहसा कच्चं खात नाहीत, पण शिजताच त्याचा लगदा होतो आणि चटणीला दाटपणा येतो. भारतात हिरवं ग्रॅनी स्मिथ घ्या. ते लवकर विरघळत नाही, म्हणून एक तृतीयांश फळं किसून घाला.

साधारण 2 किलो चटणीसाठी दीड किलो सफरचंदं, अर्धा किलो कांदे, 250 ग्रॅम बेदाणे, 500 ग्रॅम ब्राऊन शुगर, 600 मिली माल्ट व्हिनेगर, 30 ग्रॅम किसलेलं आलं, 2 चमचे पिवळी मोहरी, 2 चमचे मीठ आणि अर्धा चमचा ऑलस्पाइस (मिऱ्यांसारखं दिसणारं एक वाळवलेलं मसाल्याचं फळ) पूड लागेल. व्हिनेगरच्या बाटलीवर आम्लता 5 टक्के किंवा जास्त लिहिलेली हवी. टिकण्याची भिस्त तिच्यावरच असते, त्यामुळे व्हिनेगर कमी करू नका, त्यात पाणीही वाढवू नका.

पातेलं जाड बुडाचं, रुंद आणि स्टीलचं घ्या. पितळ, तांबं, लोखंड आणि साधं अॅल्युमिनियम टाळा, कारण व्हिनेगर त्यांना खातं आणि चटणीला धातूची चव येते.

कांदा बारीक चिरून आधी 150 मिली पाण्यात 10 मिनिटं शिजवा. ही पायरी गाळू नका. व्हिनेगरात टाकलेला कच्चा कांदा तासभर उकळूनही कचकचीत राहतो. मग सोललेल्या सफरचंदांच्या लहान फोडी, बेदाणे, आलं, मसाले, मीठ आणि निम्मं व्हिनेगर घालून फोडी मऊ होईपर्यंत, साधारण अर्धा तास शिजू द्या. आता साखर आणि उरलेलं व्हिनेगर घाला. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आच मंदच हवी, नाहीतर ती बुडाला लागते.

यापुढे झाकण न ठेवता तास-दीड तास आटवा. खिडकी उघडी ठेवा, व्हिनेगरची वाफ डोळ्यांत जाते. शेवटच्या वीस मिनिटांत पातेल्यापासून हलू नका, चटणी करपते ती तेव्हाच. कालथ्याने तळाशी रेघ ओढा. रेघेत पातळ रस धावून आला तर अजून आटवायला हवी, रेघ क्षणभर कोरडी राहिली की गॅस बंद.

बरण्या धुऊन ओव्हनमध्ये 140 अंशांवर 15 मिनिटं ठेवा. गरम बरणीत गरम चटणी भरा, थंड काच तडकते. वर 1 सेंटिमीटर जागा सोडा, सुरी फिरवून हवेचे बुडबुडे काढा आणि आतून प्लॅस्टिकचा थर असलेलं झाकण लगेच घट्ट लावा. उघडं पत्र्याचं झाकण गंजतं.

थंड, अंधाऱ्या जागी 6 ते 8 आठवडे मुरू द्या. ताज्या चटणीतला व्हिनेगरचा ठसका घशाला लागतो, तो या काळात निवतो. वर पाणी सुटलेलं दिसलं तर चटणी कमी आटली आहे, पुन्हा उकळून स्वच्छ बरण्यांत भरा. चटणी आकसून कोरडी पडली तर समजा, झाकण घट्ट लागलं नव्हतं. बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाकून द्या. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि महिनाभरात संपवा.

26 डिसेंबरला, सेंट स्टीफन्स डेच्या दिवशी, आदल्या दिवशीचं उरलेलं थंड हॅम आणि टर्की काढतात, तेव्हा हीच बरणी टेबलावर येते. एरवी सोडा ब्रेडची (यीस्टऐवजी खाण्याच्या सोड्याने फुगवलेल्या पावाची) जाड चकती, त्यावर मुरलेलं चेडर आणि वर चमचाभर चटणी.