जावा स्ट्रीमची साखळी डीबग करताना या चुका टाळा

जावातली स्ट्रीम म्हणजे यादीतले घटक फिल्टर (गाळणं), मॅप (रूप बदलणं) अशा टप्प्यांतून नेणारी साखळी. आठ टप्प्यांची साखळी लिहायला दोन मिनिटं लागतात. ती बिघडली की नवी मंडळी कुठलातरी टप्पा अंदाजाने बदलतात, पुन्हा रन करतात, पुन्हा बदलतात. अरे, मधे काय वाहतंय ते आधी बघा तरी!

पीकमध्ये खरं काम करणं

शेतातलं पीक नव्हे, साखळीतून जाणाऱ्या प्रत्येक घटकाकडे डोकावणारं (peek). ही मेथड मुख्यतः डीबगिंगसाठी आहे, असं जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. वाचतो कोण? आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी ग्राहकांच्या यादीवर पीक लावून त्यातच स्मरणपत्राचा मेल पाठवला होता. शेवटी काउंट, म्हणजे किती गेले ते लॉगमध्ये यावं. जावा ८ वर हे बिनबोभाट चाललं. आम्ही जावा ११ वर गेलो आणि मेल बंद. लॉगमधला आकडा मात्र रोज बरोबर!

दोन दिवस मेल सर्व्हरला शिव्या घातल्या. मग मी आणखी एक पीक टाकून प्रिंट लावला, तोही उमटेना. शेवटी वैतागून मधे एक फिल्टर घातला, तर मेल धडाधड जायला लागले. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. यादीत किती घटक आहेत ते आधीच माहीत आहे आणि मधे ती संख्या बदलणारं काही नाही, असं दिसलं तर जावा ९ पासून काउंट साखळी न चालवताच उत्तर देऊ शकतो. फिल्टर आला की मोजायला प्रत्येक घटकापाशी जावंच लागतं. आम्ही मेलचं काम साध्या फॉर लूपमध्ये हलवलं.

सगळं एका ओळीत ठेवून शोधणं

माझी सवय जुनाट आहे. साखळी बरोबर मध्यावर तोडतो, तिथपर्यंतचं लिस्टमध्ये गोळा करतो, व्हेरिएबलला नीट नाव देतो. आधी साइज बघतो, मग पहिले तीन घटक. इथवर ठीक असेल तर घोळ पुढच्या अर्ध्यात. इंटेलिजे या कोड एडिटरमध्ये ब्रेकपॉइंटवर (प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या खुणेवर) थांबून स्ट्रीमचा प्रत्येक टप्पा चित्रासारखा बघता येतो, तेही छान आहे. पण 'थकीतग्राहक' असं नाव द्यायला बसलं की निम्म्या वेळा चूक तिथेच दिसते.

प्रिंटचा क्रम चुकीचा वाचणं

आधी सगळे फिल्टर, मग सगळे मॅप असं होत नाही. एकेक घटक पूर्ण साखळीतून जातो. सॉर्टेड, म्हणजे क्रम लावणारा टप्पा, मात्र सगळे येईपर्यंत अडवून धरतो.

किरकोळ

शेवटी कलेक्टसारखं (निकाल गोळा करणारं) काही नसेल तर काहीच चालणार नाही. तीच स्ट्रीम दुसऱ्यांदा वापरलीत की एक्सेप्शन. स्ट्रीम पॅरलल (एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालणारी) असेल तर तपासताना आधी ते काढा. एका ओळीत पाच डॉट आणि नल पॉइंटर एक्सेप्शन (नल, म्हणजे रिकाम्या, गोष्टीवर मेथड बोलावल्याची चूक)? जावा १५ पासून नल कुठून आला ते संदेशातच येतं, तो पूर्ण वाचा.

आणि काम झालं की प्रिंट काढा. परवा एका रिव्ह्यूमध्ये मला 'इथे आलो १', 'इथे आलो २' आणि 'आता तरी ये बाबा' असे तीन सापडले.