थीम पार्कला जाण्याआधी मुलांची उंची घरीच मोजा

चौघांचं कुटुंब ठाण्याहून खोपोलीच्या इमॅजिकाला गेलं की तिकिटं, जेवण, लॉकर, कॉस्च्युम मिळून आकडा कुठच्या कुठे जातो. आम्ही आता असं करतो:

१. दाराच्या चौकटीला मुलाला अनवाणी उभं करून पेन्सिलने खूण करायची आणि टेपने मोजायचं. बऱ्याच पार्कांत लहान मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. मोठ्या राइड्सनाही उंचीची अट असते. धाकटी निम्म्या राइड्सना बसणारच नसेल, तर यंदा मोठा पार्क नको. दीड तास रांगेत उभं राहून परत फिरलेल्या पोरीचं तोंड बघवत नाही हो.

२. अशा वर्षी नेरुळचं महापालिकेचं वंडर्स पार्क. तिथे टॉय ट्रेन आहे, जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, आणि खर्च मोठ्या पार्कच्या मानाने अगदीच किरकोळ.

३. इमॅजिकाला जायचंच ठरलं, तर शाळेला सुट्टी पण ऑफिस चालू, असा मधला वार धरा. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात कोंबू नका, दोन्हींची तिकिटं वेगळी असतात. एक यंदा, एक पुढच्या वर्षी.

४. वॉटर पार्कसाठी नायलॉनचे कपडे, टॉवेल, चपला घरून न्या. चौघांत एकच लॉकर पुरतो.

एक मात्र सांभाळा: स्वस्त पडतं म्हणून आधी काढलेलं तिकीट बदलून किंवा परत मिळेलच असं नाही. पैसे भरण्यापूर्वी तारीख बदलण्याचा नियम वाचा.