भिंतीपासून वीतभर अंतर : वास्तूसाठी कापड निवडायला शिकताना

अंतर्गत सजावटीची पदविका घेऊन मी कोल्हापुरात काम सुरू केले, तेव्हा कापड हा माझ्या लेखी अगदी शेवटचा टप्पा होता. फरशी, छत, दिवे ठरले की नमुन्यांची वही उघडायची आणि भिंतीच्या रंगाला शोभेल असा पडदा निवडायचा, एवढेच मला ठाऊक होते. ही समजूत गायनवर्गाच्या एका खोलीने मोडली. नव्या इमारतीतील त्या खोलीला गुळगुळीत फरशी आणि दोन बाजूंना काच होती. मी तेथे पातळ, चमकदार पॉलिएस्टरचे पडदे काचेलगत ताणून लावले. आठवड्याने गुरुजींनी बोलावून घेतले आणि म्हणाले, "पडदे देखणे आहेत, पण लावलेला स्वर खोलीतून जातच नाही, पुढचा स्वर ठेवायचा कुठे?"

त्यानंतर मी ध्वनिशास्त्राचे पुस्तक प्रथमच मन लावून वाचले. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात शब्द स्पष्ट ऐकू येत नसत, म्हणून १८९५ मध्ये वॉलेस सॅबाईन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम सोपवण्यात आले. शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, त्या खोलीत मांडायच्या आणि घुमारा विरायला किती वेळ लागतो ते मोजायचे, असे त्यांनी केले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते : खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणायचे आणि एकूण ध्वनिशोषणाने भागायचे. समजा, खोली २०० घनमीटरची आहे आणि तिचे शोषण १० एकक आहे (पूर्ण आवाज गिळणारा एक चौरस मीटर म्हणजे एक एकक), तर घुमारा ३.२ सेकंद टिकतो. तेथे जाड मखमलीचे २० चौरस मीटर पडदे दाट चुण्या घालून सोडले, तर मध्यम आणि वरच्या स्वरांसाठी सुमारे १४ एककांची भर पडते व घुमारा १.३ सेकंदांवर येतो.

येथे चुण्यांना फार महत्त्व आहे. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेतले, तर तेच कापड सपाट ताणलेल्या पडद्यापेक्षा बराच अधिक आवाज शोषते. पडदा भिंतीला चिकटवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे; ५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५०० कंपनांच्या, स्वरासाठी सुमारे १७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, अंतर उत्तम ठरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात या अंतराचा दुसरा उपयोग होतो : ओलसर भिंतीलगतच्या जाड सुती कापडाला बुरशी लागते, ती हवा खेळल्याने टळते. मात्र १२५ हर्ट्झच्या खालच्या स्वराचे मखमल जेमतेम ०.१४, म्हणजे चौदा टक्के, इतकेच शोषण करते. गायनवर्गाच्या त्या खोलीत मखमल लावल्यावर वरचे स्वर स्वच्छ झाले, तरी खर्ज घुमतच राहिला आणि अखेर सुताराकडून मागे पोकळी ठेवलेल्या प्लायवूडच्या फळ्या बसवाव्या लागल्या. कापडाची मर्यादा मान्य करणे हा या विद्येचाच भाग आहे, असे मला तेव्हापासून वाटते.

नवागतांना माझा आग्रहाचा सल्ला असा की, महागड्या दालनांच्या आधी इचलकरंजी गाठावी. कोल्हापूरपासून सुमारे ३० किलोमीटरवरील या गावात १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावच मागांचे झाले. बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, चढलेला ताणा (उभे धागे) सहजासहजी बदलता येत नाही, पण बाणा (आडवे धागे) बदलता येतो. म्हणून आधीच ताणा भरलेल्या मागावर वेगळ्या जाडीच्या वा वेगळ्या पिळाच्या बाण्याचे मीटर-दोन मीटर विणून द्याल का, असे मागवाल्यांना नम्रपणे विचारावे. इंचातील पिके, म्हणजे बाण्याच्या धाग्यांची संख्या, थोडी कमी करून घेतली की तेच सूत प्रकाश गाळून आत सोडते, वाढवली की अडवते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर पडद्याविषयीची पुष्कळ पाने आपोआप समजतात.

विणकरी विद्या वास्तूचाच भाग कशी होते, याचे मला सर्वाधिक प्रिय उदाहरण जर्मनीतील आहे. बाऊहाऊस या कलाशाळेत अ‍ॅनी आल्बर्स यांनी बेर्नाऊ येथील कामगार संघटनेच्या विद्यालयाच्या सभागृहासाठी भिंतीवर लावायचे कापड विणले. त्याच्या दर्शनी बाजूस प्रकाश परतवणारे सेलोफेन होते आणि मागील बाजूस आवाज शोषणारे शनील, म्हणजे मऊ लवदार सूत. १९३० मध्ये त्यांना याच कामावर पदविका मिळाली. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतील सोप्यावरची जाजमे आणि लोड-तक्केही अंगाला आणि कानाला मऊपणा देत असत, पण त्यांची अशी मोजणी करण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

प्रकाशाबाबत एकच सावधगिरी सांगतो. पातळ जाळीदार पडद्याआडून दिवसा बाहेरचे दिसते आणि बाहेरून आतले दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की हे नेमके उलटे होते. म्हणून नमुना दुकानातील उजेडात पसंत करू नये. मी आता किमान मीटरभर कापड ग्राहकाच्या खिडकीवर चुण्या घालून टांगतो, सकाळी, पश्चिमेचे ऊन आत येते तेव्हा आणि दिवे लागल्यावर असे तीनदा पाहतो, आणि प्रत्येक वेळी कापडासमोर उभे राहून एकदा टाळी वाजवतो.