इग्वानाचं पिल्लू घरी आणलंय? या चुका टाळा

चुकीच्या पद्धतीने पाळलेला इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा हा मोठा सरडा, लगेच मरत नाही, आणि त्याचे हाल होतात ते त्यामुळेच. कुत्र्याचं काही बिनसलं तर दोन-चार दिवसांत घरात सगळ्यांना कळतं. इग्वानाचं पिल्लू मात्र चुकीच्या खाण्यावर आणि अपुऱ्या उजेडात कित्येक महिने तग धरतं, वरवर वाढतंही. त्रास डोळ्यांना दिसायला लागतो तोवर हाडं आतून पोकळ झालेली असतात. पुण्यात लोक माझ्याकडे जी पिल्लं दाखवायला आणतात, त्यातली बरीचशी याच अवस्थेत असतात. चुका दरवेळी त्याच. त्यातल्या ज्या दोन सगळ्यात महागात पडतात त्या सविस्तर लिहिते, बाकीच्या थोडक्यात.

"आमच्याकडे खिडकीत भरपूर ऊन येतं"

हे वाक्य ऐकलं की पुढचं काही विचारण्याआधी मी पिल्लाचा जबडा बघते.

अन्नातलं कॅल्शियम अंगी लागायला इग्वानाला ड-3 जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्याच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांमुळे तयार होतं. हे साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे किरण. खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. ऊब आत येते, उजेड येतो, पिल्लू डोळे मिटून फांदीवर पसरतं, बघणाऱ्याला वाटतं किती सुखात आहे. ज्यासाठी ऊन हवं होतं ते काचेच्या पलीकडेच राहिलेलं असतं. प्लास्टिकच्या झाकणाचंही बहुतेक वेळा तेच. बारीक जाळीतूनही बरंच कमी होतं.

मागे कोथरूडचं एक कुटुंब बुटांच्या खोक्यात पिल्लू घेऊन आलं होतं. मुलगा दहावीतला, सगळी निगा तोच करायचा. आई म्हणाली, "ताई, खातं व्यवस्थित, पण हल्ली फांदीवर चढतच नाही." वडिलांना काळजी नव्हती. "पाय बघा ना त्याचे, किती भरलेत," म्हणाले. पाय खरंच भरलेले दिसत होते. मांड्या फुगलेल्या, टणक. पण तो फुगवटा मांसाचा नसतो. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून ओढून घेतं आणि कमजोर झालेल्या हाडाभोवती तंतूंचा जाड थर साचतो. खालचा जबडा मी दोन बोटांत अगदी हलकेच धरला, तर तो रबरासारखा वाकला. मागच्या पायाची बोटं थरथरायची, थांबायची, परत थरथरायची.

दुकानातून "रेप्टाइलचा बल्ब" म्हणून जो दिला होता, तो हा मुलगा रोज बारा तास न चुकता लावत होता. तो नुसता उष्णतेचा बल्ब होता. खोक्यावर यूव्हीबीचा उल्लेखसुद्धा नव्हता. एक्स-रे काढला तेव्हा हाड कुठे आणि मांस कुठे हे नीट ओळखू येईना, आणि मांडीचं एक हाड आधीच मोडलेलं निघालं. डॉक्टरांनी कॅल्शियमची इंजेक्शनं दिली, मग तोंडावाटे औषध, तेही महिनोन्महिने. पिल्लू जगलं. जबडा मात्र वाकडाच राहिला, पाठीला बाक आला, आणि अजूनही त्याला पानं बारीक चिरूनच द्यावी लागतात. त्या मुलाने कशातही कसूर केली नव्हती. जनावर विकताना दोन वाक्यं खरी सांगितली असती तर हे झालं नसतं, आणि याचा मला आजही राग येतो.

माझी पद्धत साधी आहे. मी यूव्हीबीची लांब टी-5 ट्यूब वापरते, कॉम्पॅक्ट बल्ब घेत नाही. लांब ट्यूबखाली पिल्लू कुठेही बसलं तरी उजेडात राहतं. ट्यूब आणि बसायची फांदी यांत कंपनीने सांगितलंय तेवढंच अंतर, मध्ये काच नाही, प्लास्टिक नाही. लावल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करने लिहून ठेवते, कारण डोळ्यांना दिसणारा उजेड पुढेही तसाच राहतो, यूव्हीबी मात्र आधीच उतरतं. वर्ष झालं की ट्यूब बदलायची.

याशिवाय खरं ऊन. ते आपल्याकडे फुकट आहे आणि त्याच्या तोडीची ट्यूब अजून मी पाहिलेली नाही. सकाळचं कोवळं ऊन, अर्धा-पाऊण तास, तारेच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर सावलीला फडकं टाकून. काचेच्या टाकीसकट पिल्लू उन्हात ठेवू नका. बंद काचेत काही मिनिटांत भट्टी होते आणि पिल्लाला पळायला जागा नसते. शेजारी बसून राहा, कावळे आणि घारी दोघांचंही लक्ष असतं. "ऊन देतोय ना, मग ट्यूब कशाला" असं म्हणणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर काय करणार ते सांगावं.

पालक, कोबी, काकडी आणि अंडं

आपल्याकडे लोक इग्वानाला घोरपडीच्या मापाने मोजतात. घोरपड मांसाहारी, आणि ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; तिला पाळण्याचा विचारसुद्धा करायचा नाही. हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडांवर राहणारा आणि अंड्यातून बाहेर आल्यापासून पानं खाणारा. "लहान आहे तोवर प्रोटीन लागतं" म्हणून उकडलेलं अंडं, कुत्र्याची बिस्किटं, किडे देणारे खूप भेटतात. जुन्या पुस्तकांतही तसं छापलेलं सापडतं. पिल्लू ते आवडीने खातं, भराभर वाढतंही. त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो, यूरिक ॲसिड साठायला लागतं, आणि याचा हिशोब पुढे काही वर्षांनी होतो. तोवर सल्ला देणारा विसरून गेलेला असतो.

पानं पचवणं हे या प्राण्याचं खास काम आहे. त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणू पानं आंबवतात. 1980च्या दशकात पनामात झालेल्या अभ्यासात दिसलं, की पिल्लं मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात आणि हे जिवाणू मिळवतात. पण आंबवण्याच्या या कामाला ऊब लागते, शरीर पस्तीस अंशांच्या आसपास जायला हवं. थंड पिंजऱ्यात भरपूर खाल्लेलं पिल्लू म्हणजे पोटात पानं कुजत पडलेलं पिल्लू. म्हणून खाणं आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेतच कुठे? मी सकाळी दिवे लागल्यावर तासाभराने ताट ठेवते, आणि दिवे बंद व्हायच्या निदान तीन-चार तास आधी उचलते. ऑफिसमधून आल्यावर रात्री नऊला खायला देण्याची सवय सोडा.

आता भाज्या. पालक, चुका, अळू, राजगिरा, माठ यांत ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. एखाद्या वेळी चार पानं पोटात गेली तर घाबरू नका, पण रोजचं ताट यांचं नको. कोबी-फ्लॉवर रोज दिले तर थायरॉईडला त्रास. काकडी, टोमॅटो, सॅलडची फिकट पानं यांत पाण्यापलीकडे फार काही नाही, आणि नेमकं हेच बहुतेकांच्या ताटात दिसतं, कारण ते फ्रिजमध्ये असतं.

माझ्याकडच्या पिल्लांच्या ताटात रोज शेवग्याचा कोवळा पाला असतो. देठ काढायचे, पानं धुवायची, फडक्यावर कोरडी करायची आणि बोटाच्या पेरापेक्षाही बारीक चिरायची, कारण पिल्लू चावून खात नाही, तुकडा तोडून गिळतं. त्यात किसलेला लाल भोपळा, बारीक फरसबी किंवा पडवळ, कधी मेथी, कधी तुतीची पानं. वर जास्वंदीचं एक फूल फाडून टाकलं की पिल्लू आधी तिकडे धावतं, आणि त्या नादात बाकीचंही खातं. फळ म्हणजे पपई किंवा अंजिराचा छोटा तुकडा, आठवड्यातून एक-दोनदा. द्राक्षाची पानं चांगली असतात, पण फवारणी केलेल्या बागेतली आणू नका. जास्वंदही नर्सरीतून आणल्याबरोबर लगेच नको. नवी पालवी फुटेपर्यंत थांबा. कण्हेर, रुई, डिफनबाकिया घरात असतील तर पिल्लाच्या वाटेतून हलवा. कांदा, लसूण, ॲव्होकॅडो अजिबात नाही.

कॅल्शियमसाठी फॉस्फरस नसलेली पावडर घ्या. ती न मिळाल्यास पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस कुटून, वस्त्रगाळ करून चिमूटभर भुरभुरा. वाढत्या पिल्लाला मी आठवड्यातून चार-पाच दिवस देते. विड्याचा चुना देऊ नका! "आमच्या आजी दह्यातून घ्यायच्या" हे मी बऱ्याचदा ऐकलंय. चुना दाहक असतो आणि एवढ्याशा तोंडाला भाजतो. ड-3 असलेल्या पावडरींचा माराही नको, ते जीवनसत्त्व शरीरात साठतं. ट्यूब आणि ऊन नीट असेल तर त्याची गरज फार थोडी.

पहिल्याच आठवड्यात खांद्यावर

नवीन पिल्लू दोन-चार दिवस खात नाही. यात बिघडलेलं काहीही नाही. तीन बाजूंना कागद किंवा फडकं लावा, ताट ठेवा, खोलीतून बाहेर जा. पण लोकांना दम निघत नाही. फोटो काढायचे असतात, पाहुण्यांना दाखवायचं असतं. दुसऱ्या दिवशी खाल्लं नाही की सिरिंज घेऊन तोंड उघडायला बसतात, आणि तो धाक पिल्लाच्या मनातून पुढे महिनोन्महिने जात नाही. वरून येणारा हात त्याच्यासाठी घारच असते. हात खालून, बाजूने, हळू न्या आणि पोटाखाली आधार द्या. शेपटी धरू नका, ती तुटते. परत येते पण आखूड आणि काळपट. विश्वास बसायला महिने लागतात. ज्यांना तेवढे महिने द्यायचे नाहीत, त्यांनी हा प्राणी आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या चुका

तापणारा दगड घेऊ नका. पोट भाजेपर्यंत पिल्लाला कळत नाही. ऊब वरून द्या, बल्बला जाळीचं संरक्षण ठेवा.

चिकटवायच्या थर्मामीटरवर विसंबू नका. तारेचा डिजिटल घ्या आणि फांदीवरच मोजा. तिथे 35 ते 38 अंश, गार कोपऱ्यात 26-27, रात्री 22च्या खाली नको. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास जातो, तेव्हा थर्मोस्टॅट लावलेला सिरॅमिक हीटर लागतोच. फ्लोरिडात कडक थंडी पडली की इग्वाना ताठरून झाडांवरून खाली पडतात. रात्री लाल दिवा नको, अंधार हवा.

खाली वाळू किंवा भुसा नको. साधं वर्तमानपत्र पुरतं.

दोन पिल्लं एका पिंजऱ्यात ठेवू नका. एक दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतं, लोकांना ते प्रेम वाटतं. ते उबेच्या जागेवरचं भांडण असतं, आणि खालचं पिल्लू वाळत जातं.

नाकातून शिंतोडे आणि पांढरा थर दिसला म्हणून सर्दीचं औषध देऊ नका. जादाचं मीठ ते नाकातून टाकतं. शिंतोडे चिकट असतील किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर मात्र डॉक्टर.

कात तुकड्या-तुकड्याने निघते. ओढू नका. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवा, आणि बोटांवर किंवा शेपटीच्या टोकाला कातेचं कडं राहिलेलं नाही ना ते बघा. राहिलं तर बोट सुकून गळतं.

हाताळल्यावर साबणाने हात धुवा, त्याच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. इग्वानाचं भांडं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर थांबा.

माशांची टाकी वर्षभरही पुरत नाही. पहिल्या वर्षातच शेपटीसकट दोन-अडीच फूट होतो, पूर्ण वाढलेला पाच-सहा फूट, आणि नीट सांभाळला तर पंधरा वर्षं सोबत राहतो. उंच पिंजऱ्याची जागा आधी घरात मोजा, पिल्लाचे पैसे मग द्या.

कागदपत्रं

इग्वाना साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे 2022च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. 2024च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि पिल्लू ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा असतो. "नंतर बघू, कोण विचारतंय" म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. आणि सांभाळणं झेपत नाही म्हणून टेकडीवर किंवा नदीकाठी सोडून देऊ नका. फ्लोरिडा आणि पोर्तो रिकोमध्ये सुटलेल्या इग्वानांनी किती नुकसान करून ठेवलंय ते जगासमोर आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर किंवा अनुभवी पाळणारे गाठा, नवं घर शोधा आणि नोंदणीतही तसा बदल करून घ्या.

बोटं थरथरताना दिसली, मांडी फुगलेली वाटली, जबडा मऊ लागला किंवा पिल्लू पोट उचलून चालेनासं झालं, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडे जा. सोबत बल्बचं किंवा ट्यूबचं खोकं, फांदीवरच्या तापमानाचा फोटो आणि गेल्या आठवड्यात काय काय खाऊ घातलं त्याची यादी न्या.