तयार पॅटर्नवरून रीजन्सी काळातला झगा कसा शिवावा

इंग्लंडमध्ये साधारण 1795 ते 1820 या काळात स्त्रिया घालत असलेला, कंबर थेट छातीखाली असलेला झगा शिवायचा असेल, तर त्यासाठी खास ऐतिहासिक पॅटर्न हवाच असे नाही. टक्स (कापडाला अंगाचा आकार देणाऱ्या निमुळत्या चिमट्या), कमरेची शिवण आणि वेगळी जोडलेली बाही असलेला साधा ड्रेसचा पॅटर्न, म्हणजे कापड कापण्यासाठीचा कागदी नमुना, पुरतो. मात्र लेस आणि रिबिनी लावून असा ड्रेस त्या काळातला दिसत नाही. तो काळ ओळखू येतो शिवणींच्या जागांवरून, आणि त्यातल्या महत्त्वाच्या शिवणी पाठीवर असतात.

पॅटर्न निवडताना तयार कपड्यांचा साइज न पाहता पाकिटावर छापलेले छातीचे माप पाहावे. मूळ कागद न कापता आपला साइज दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावा आणि त्यातून माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेली जास्तीची जागा, जी बहुधा 1.5 सेंमी असते, वजा करून प्रत्यक्ष शिवणीची रेघ आखावी, कारण पुढचे सगळे बदल याच रेघेवर करायचे आहेत.

आता छातीखाली बरगड्यांवर एक नाडी आडवी बांधावी, खांद्यापासून नाडीपर्यंतचे अंतर पुढून आणि मागून वेगवेगळे मोजावे आणि त्यानुसार कागदावर नवी कंबर आखावी. त्या काळच्या कॉर्सेटमुळे, म्हणजे आतून घालायच्या घट्ट चोळीमुळे, छाती आजच्यापेक्षा बरीच वर उचललेली असे. म्हणून झग्याच्या आत जे घालणार असाल, ते घालूनच मापे घ्यावीत.

पाठीला मात्र निवांत वेळ द्यावा. पुढचा आणि मागचा कागद खांद्याच्या रेघेवर चिकटपट्टीने जोडावा. मागच्या भागावर, या रेघेपासून गळ्याकडे 2 सेंमी आणि मुंढ्याकडे (जिथे बाही जोडतात त्या गोलाईकडे) सुमारे 5 सेंमी अंतरावर खुणा करून त्या सरळ रेघेने जोडाव्यात आणि तिथे कागद कापावा, म्हणजे खांद्याची शिवण तिरकी होऊन पाठीवर उतरते. मग मागचा मुंढा 2 सेंमी आत घ्यावा. त्या मुंढ्याच्या मध्यापासून निघून नव्या कमरेवर पाठीच्या मध्यापासून 3–4 सेंमीवर उतरणारी एक वळणदार रेघ काढावी, त्या रेघेवर कागद कापून दोन तुकडे करावेत आणि मागच्या टक्समधले जास्तीचे कापड याच शिवणीत काढून टाकावे. मधला तुकडा वर रुंद आणि खाली निमुळता दिसला, की आकार साधला असे समजावे.

मुंढा जेवढा आत घेतला, तेवढी रुंदी बाहीच्या मागच्या अर्ध्या गोलाईला वाढवावी. माझ्या पहिल्या झग्यात मी ती वाढवली नव्हती, आणि टेबलावरचा कप घ्यायला हात पुढे करताच मागची शिवण उसवली.

पुढच्या बाजूला छातीच्या टोकापर्यंत खालून एक काप द्यावा आणि बाजूचा टक्स मिटवावा. कागद खाली आपोआप उघडतो. तेवढी जागा चुण्यांसाठी ठेवावी. घागऱ्याचा, म्हणजे झग्याच्या कमरेखालच्या भागाचा, पुढचा तुकडा जवळजवळ सपाट असावा आणि बाकी सगळा घेर पाठीच्या मध्यावर दाट चुण्यांत गोळा करावा.

हे सगळे आधी, कडांना माया पुन्हा जोडून, मांजरपाटावर कच्चे शिवून पाहावे. ते घालून हात पुढे न्यावेत, वर उचलावेत, खाली बसावे. काखेत ओढ जाणवली, तर मुंढा मोठा करू नये, उलट काखेची रेघ 1 सेंमी वर घ्यावी आणि बाहीची काखही तेवढीच वर न्यावी. ऐकायला हे विचित्र वाटते, पण मुंढा लहान आणि उंच असेल, तरच हात मोकळा हलतो.

अंगाबरोबर बसल्यावर मांजरपाट उसवून त्यावरूनच खरे कापड कापावे. अशा झग्यांसाठी बंगालची मलमल त्या काळी इंग्लंडला जात असे, तेव्हा आपल्याकडची पांढरी मलमल अगदी योग्य. फक्त वरच्या भागाला घट्ट विणीच्या सुती कापडाचे अस्तर द्यावे. चेन त्या काळी नव्हती. पाठ मध्यावर उघडी ठेवून गळ्याला आणि कमरेला अरुंद नेफा शिवावा, त्यात बारीक नाड्या ओवाव्यात आणि झगा मागे बांधावा.