बेळगावहून दुबई: बॅग भरण्याआधी

दुबईच्या ट्रिपमधले बहुतेक घोळ विमानात बसण्याआधीच होऊन बसलेले असतात. पहिला नावाचा. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यांवर 'पाटील एस. बी.' अशी नावं सर्रास दिसतात, पण पासपोर्टला आद्याक्षरं चालत नाहीत. अर्ज भरण्याआधी आधार, पॅन आणि दाखल्यावरचं नाव एकसारखं करून घ्या. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच नाव असेल तर नोव्हेंबर २०२२ पासून यूएईच्या (संयुक्त अरब अमिरात, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तो) व्हिजिट व्हिसाला अडचण येते. तिकीट काढताना पासपोर्ट समोर ठेवूनच नाव टाइप करा आणि उतरायच्या तारखेपासून पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, तेही बघा.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी थेट विमान नाही, म्हणून बरेच जण गोवा गाठतात. तिथे विमानतळ दोन. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. दोन्ही गोव्याच्या दोन टोकांना आहेत, चुकलात तर टॅक्सी कितीही पळवली तरी उपयोग नाही. पावसाळ्यात गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात ट्रक आडवा झाला की तास-दोन तास सहज जातात. सुटण्याआधी तीन तास तरी काउंटरवर पोचायचं, असा हिशेब धरून घर सोडा.

आता बॅग. सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे खसखस. अफूच्या झाडाचं बी म्हणून यूएईत तिच्यावर बंदी आहे आणि मामला अमली पदार्थांच्या कायद्यात जातो. नुसती पुडी काढून टाकली म्हणजे झालं असं नाही. अनारशाच्या एका बाजूला चिकटलेली असते, मटणाच्या घरगुती मसाल्यात भाजून कुटलेली असते, काही ठिकाणच्या करदंटातही (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) असते. 'थोडीशीच आहे' हा युक्तिवाद तिथे चालत नाही. घरचा मसाला नेऊच नका. गोकाकचा करदंट न्यायचा असेल तर घटक छापलेलं पाकीट घ्या आणि ते वाचा. बेळगावचा कुंदा बिनधास्त न्या, मात्र घट्ट बंद डब्यात. पान-गुटखा घरीच ठेवा. सुक्या खोबऱ्याची आख्खी वाटी चेक-इन बॅगेत टाकू नका. तिच्यातल्या तेलामुळे ती पेट घेऊ शकते, म्हणून विमानतळावर काढून घेतात.

औषधांचंही तसंच. कोडीनचं खोकल्याचं सिरप आणि ट्रॅमाडॉल ही तिथे नियंत्रित औषधं आहेत. लागतच असतील तर यूएई सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढा. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा नेमकं नाव छापलेलं टोक त्याच्याकडेच राहतं. तेव्हा पूर्ण पत्ती घ्या आणि डॉक्टरांकडून टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन मागा.

पैसे: परकी चलन रोखीत एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत. तिथलं चलन दिरहम, ते एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेलं आहे, त्यामुळे भाव सांगणारा फसवतोय का हे फोनवर लगेच ताडता येतं. थोडे दिरहम इथूनच घ्या, बाकी फॉरेक्स कार्डवर (परकी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड).

चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अ‍ॅडॉप्टर लागतो, आपली गोल पिन तिथे बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, पण कॉल सहसा लागत नाहीत. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई काळजीने अर्धी होईल. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर १०० दिरहम दंड होतो.

'व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे नोकरी लावतो' म्हणणारा कुणी भेटला तर पैसे देऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे, पकडले गेलात तर दंड तुम्हाला होतो, एजंट नामानिराळा राहतो. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे, त्यात त्याचं नाव आणि परवाना क्रमांक जुळतो का ते तपासा. तिकडे पोचल्यावर फसगत कळली तर भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राचा टोल-फ्री क्रमांक ८०० ४६३४२ आहे. तो फोनमध्येही ठेवा आणि कागदावरही लिहून घ्या.