अनंत समजावताय? मग या चुका टाळा

व्याख्यान संपवताना मी ‘कळलं ना?’ असं विचारलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर चहाच्या टेबलापाशी एक काका म्हणाले, ‘छान झालं हं. म्हणजे अनंत म्हणजे खूपच मोठा आकडा, असंच ना?’ तासभर मी ज्याच्या विरुद्ध बोलत होतो, नेमकं तेच घेऊन काका घरी निघाले होते.

विषय होता गणितज्ञ गेऑर्ग कँटरचा: काही अनंतं दुसऱ्या अनंतांपेक्षा मोठी असतात. शाळेत, ज्येष्ठ नागरिक संघात, सॉफ्टवेअरवाल्यांसमोर, सगळीकडे मी हा विषय मांडत आलोय आणि दर ठिकाणी वेगळ्या जागी तोंडावर आपटलोय. ‘कळलं का?’ हा प्रश्न मात्र तेव्हापासून बंद केला. आता खडू पुढे करतो आणि म्हणतो, ‘या, तुम्ही करून दाखवा.’

पहिला घोळ शब्दांचा. पुस्तकात ‘गणनीय’ आणि ‘अगणनीय’ असतं. पण बोलण्यात आपण गर्दीलाही ‘अगणित माणसं’ म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या कानात ‘अगणनीय’ म्हणजे ‘पुष्कळ’ एवढंच शिरतं. मी ‘यादीत मावणारं’ (पहिलं, दुसरं, तिसरं असं ओळीने लावता येणारं) आणि ‘यादीत न मावणारं’ असं म्हणतो. गणिताच्या विद्यार्थ्यांसमोर शेवटी खरे शब्द देतो, आधी नाही.

दुसरी चूक घाईची, आणि मला वाटतं सर्वात महाग पडणारी. हळदीकुंकवाला वाणं पुरली का, हे कळायला आकडे मोजावे लागत नाहीत. प्रत्येकीला एक मिळालं, कोणी रिकाम्या हाती गेली नाही आणि ताटात एकही उरलं नाही, की बायका आणि वाणं सारखी. इथवर सगळे बरोबर असतात. मग आपण फळ्यावर १ ला २, २ ला ४, ३ ला ६ अशा जोड्या लावतो आणि जाहीर करतो की सम संख्या सगळ्या नैसर्गिक संख्यांइतक्याच आहेत. मागून आवाज येतोच: ‘अहो, पण निम्म्याच आहेत ना त्या!’

या माणसाला गप्प केलंत की व्याख्यान तिथेच संपलं. त्याची शंका खुद्द गॅलिलिओची आहे. १६३८ च्या ग्रंथात त्याने वर्गसंख्यांबद्दल हेच कोडं मांडलं आणि अनंताच्या बाबतीत लहान, मोठं, सारखं हे शब्दच लागू पडत नाहीत असं म्हणून सोडून दिलं. आपल्याकडे दोन कसोट्या असतात: तुकडा अख्ख्यापेक्षा लहान, आणि जोड्या जुळल्या तर सारखे. वाणांच्या ताटात दोन्ही एकच उत्तर देतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. अनंतापाशी त्यांचं भांडण होतं. कँटरने जोड्यांची कसोटी निवडली. ती निवड आहे, हे स्पष्ट सांगा. लोकांचा जीव भांड्यात पडतो, कारण त्यांना वाटत असतं आपलंच डोकं चालत नाहीये.

आता मुख्य युक्ती: कोणी ‘सगळं यादीत आलं’ म्हणाला, तरी त्या यादीबाहेरचं एक बनवून दाखवायचं. बहुतेक जण ती दशांश अपूर्णांकांवर दाखवतात आणि एखादा इंजिनिअर पकडतो: ०.४९९९… आणि ०.५ एकच, मग तुमची नवी संख्या यादीत दुसऱ्या वेषात नसेल कशावरून? (दशांशच वापरायचे असतील, तर नव्या संख्येत ० आणि ९ हे अंक घेऊच नका.) मी नाणं वापरतो. छापा-काट्यांच्या कधीच न संपणाऱ्या ओळी, आणि त्या सगळ्यांची यादी केल्याचा कोणाचा तरी दावा:

१) छा का छा छा …
२) का का का छा …
३) छा छा का का …
४) का छा का छा …

पहिल्या ओळीतलं पहिलं, दुसरीतलं दुसरं, तिसरीतलं तिसरं असं तिरकं खाली उतरायचं आणि प्रत्येक ठिकाणी उलटं लिहायचं: का छा छा का… ही ओळ पहिलीशी पहिल्या जागी जुळत नाही, दुसरीशी दुसऱ्या जागी, आणि असंच पुढे. म्हणजे ती यादीत नाहीच. आठवीच्या मुलांना खडू द्या, पाच मिनिटांत एकमेकांच्या याद्या मोडायला लागतात.

‘मग ती ओळ यादीत टाका की!’ हे ऐकू येणारच. ‘टाका, पुन्हा एक सुटेल’ हे माझं जुनं उत्तर चूक नव्हतं, पण कामाचं नव्हतं. त्यातून शर्यत चालू आहे आणि कधीतरी संपेल, असा भास होतो. आता मी क्रम उलटा करतो: टाकायचं ते सगळं आधीच टाका, यादी पुरी झाली अशी सही करा, मग माझ्याकडे या. कुठलीही पुरी यादी आणा, सुटलेली ओळ मी त्याच यादीतून काढून देतो.

सॉफ्टवेअरवाले विचारतात, ‘कॉम्प्युटरमध्ये सगळं मर्यादितच असतं, मग याचं करायचं काय?’ त्यांना सौंदर्य वगैरे सांगू नका. प्रत्येक प्रोग्राम म्हणजे चिन्हांची मर्यादित लांबीची ओळ, म्हणून सगळ्या प्रोग्रामांची यादी करता येते. छापा-काट्याच्या ओळींची येत नाही. म्हणजे कुठलाच प्रोग्राम छापू शकणार नाही अशा ओळी असणारच. खोलीत शांतता पसरते.

ज्येष्ठांच्या सभेत ‘पूर्णमदः पूर्णमिदम्’ (पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्णच उरतं) निघतं, कधी भास्कराचार्यांचा खहर, म्हणजे शून्याने भागलेली संख्या, निघतो. हसून टाळणं उद्धटपणाचं, आणि ‘होय, तेच हे’ म्हणणं खोटं. नैसर्गिक संख्यांतून सम काढल्या तर विषम उरतात, म्हणजे अनंतच. इथवर श्लोक जुळतो. पण त्यांतूनच दहाच्या पुढच्या सगळ्या काढल्या तर दहाच उरतात. अनंतातून अनंत वजा केल्यावर ठरलेलं उत्तर मिळत नाही, एवढं दाखवलं की चर्चा श्रद्धेवरून गणितावर येते.

अनंत खोल्यांचं हॉटेल (सगळ्या खोल्या भरलेल्या, तरी प्रत्येकाला एक खोली पुढे सरकवून नव्या पाहुण्याला जागा होते) हे उदाहरण जपून वापरा. एका गावात लॉज चालवणाऱ्या गृहस्थांनी मला थांबवलं, ‘सगळ्यांना एक खोली पुढे सरका म्हणाल, तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल.’ पुढची दहा मिनिटं गिऱ्हाइकांवरच गेली. तसंच कँटरच्या आजारपणाचं. तो १९१८ साली जर्मनीतल्या हाले गावी रुग्णालयात वारला हे खरं, पण ‘अनंताने वेडा झाला’ ही गोष्ट सांगितलीत की घरी तेवढीच जाते. त्यापेक्षा १८७७ मध्ये त्याने आपल्या गणितज्ञ मित्राला, डेडेकिंडला, स्वतःच्याच एका निष्कर्षाबद्दल काय लिहिलं ते सांगा: दिसतंय, पण विश्वास बसत नाही. आणि हेही, की यादीत न मावणारं अनंत असतं याची त्याची पहिली सिद्धता १८७४ ची, तर ही तिरकी युक्ती १८९१ ची. त्यालाही सतरा वर्षं लागली.

पहिल्या रांगेत प्राध्यापक बसले असतील तर त्यांच्याकडे बघू नका. मी बघितलं होतं, आणि नकळत त्यांच्यासाठीच बोलायला लागलो होतो.

शेवटी एखादी मुलगी विचारतेच, ‘सर, नैसर्गिक संख्या आणि छापा-काट्याच्या ओळी, या दोन अनंतांच्या मधलं एखादं असतं का?’ ‘अजून सापडलं नाही’ असं चुकूनही म्हणू नका. गोडेल आणि कोहेन या गणितज्ञांनी, एकाने १९४० मध्ये आणि दुसऱ्याने १९६३ मध्ये, मिळून जे दाखवलं ते असं: गणित नेहमी ज्या नियमांवर चालतं, त्यांतून ‘असतं’ हेही सिद्ध होत नाही आणि ‘नसतं’ हेही नाही. मागच्या खेपेला हे ऐकून तशा एका मुलीने विचारलं, ‘मग नियम कोण बदलणार?’ घंटा झाली होती, तरी तिच्या बाकावरचं कोणी उठलं नाही.